कूटचा वेढा, सैनिकांच्या हिरड्या आणि मोड आलेली मटकी

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पंचक्रोशीत ते ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले असे गाव सांगते. त्यांची आठवण म्हणून इंग्रज सरकारने उभारलेले स्मारक आजही तेथे आहे. अपशिंगे हे एक प्रसिद्ध उदाहरण झाले. पण त्या काळी माणदेशापासून वारणेच्या काठापर्यंत फौजेत माणूस नाही असे गाव शोधावेच लागले असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे मानतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते आणि सांगली व मिरज ही संस्थाने होती. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ‘साताऱ्याचा शिपाई’ या शब्दांत त्या काळी आजच्या सांगलीचा शिपाईही येत असे.

युद्धाचा इतिहास आपण वाचतो तो लढायांचा, तहांचा आणि सेनापतींचा. या लेखात आपण तोच इतिहास जरा वेगळ्या ठिकाणी, म्हणजे सैनिकाच्या तोंडात डोकावून पाहणार आहोत. दात आणि हिरड्या यांच्याकडे पाहिले की पलटणीला काय खायला मिळत होते, ते कोणी ठरवले आणि त्यात काय चुकले, हे सारे उलगडू लागते. त्याचा शेवट आपल्याच स्वयंपाकघरात होतो, हे विशेष.

सैनिक आणि दात

बंदुकीचे काडतूस कागदाच्या वेष्टनात मिळत असे, त्या काळी शिपायाला ते दाताने फाडावे लागे. समोरचे वरचे व खालचे दात शाबूत नसलेला माणूस बंदूक भरणार कशी? म्हणून भरतीच्या वेळी दात पाहिले जात. १८५७ सालच्या चरबी लावलेल्या काडतुसांची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. तिच्यातही ते काडतूस दाताने तोडावे लागे, हाच तर कळीचा मुद्दा होता.

पुढे बंदुका बदलल्या आणि दातांकडे पाहण्याची गरज संपली असे सेनाधिकाऱ्यांना वाटू लागले. ती समजूत दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) महागात पडली. टणक बिस्किटे, डबाबंद मांस आणि दंतवैद्याचा पत्ता नाही, अशा स्थितीत हजारो गोरे सैनिक केवळ दातांच्या दुखण्याने निकामी झाले. तरीही १९१४ साली फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. सेनानी डग्लस हेग यांची दाढ ऐन लढाईत दुखू लागली आणि त्यांच्यासाठी पॅरिसहून दंतवैद्य आणावा लागला, मग कोठे सूत्रे हलली, असे सांगतात. ब्रिटिशांचे स्वतंत्र सैनिकी दंतपथक १९२१ मध्ये स्थापन झाले. हिंदी फौजेला त्यासाठी दुसऱ्या महायुद्धापर्यंत, म्हणजे १९४१ पर्यंत, थांबावे लागले.

फ्रान्सच्या खंदकांत हिरड्यांतून रक्त येण्याचा आजार इतका पसरला की त्याचे नावच ‘ट्रेंच माउथ’, म्हणजे खंदकातले तोंड, असे पडले. हा आजार जंतूंमुळे होतो. तोंडाची अस्वच्छता, थकवा आणि तंबाखू यांनी तो बळावतो. हिरड्यांतून रक्त येण्याचे दुसरे एक कारण मात्र अगदी वेगळे आहे. तेथे तोंड कितीही स्वच्छ ठेवले तरी उपयोग होत नाही. तो आजार म्हणजे स्कर्व्ही. आपल्या मराठा पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तो आला.

कूटचा वेढा

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज बसऱ्याच्या बाजूला उतरली. पुढे टायग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादवर चाल करून जाण्याचे काम ६ व्या, म्हणजे पुणे डिव्हिजनकडे आले. तिचे सेनापती होते चार्ल्स टाउनशेंड. या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. तिन्हींत दख्खनी व कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान होते. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी इतर मराठा पलटणींबरोबर एकत्र आल्या आणि बेळगाव हे त्यांचे केंद्र झाले. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री ती हीच.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. माणसे फार पडली आणि डिव्हिजनला माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबर रोजी ती टायग्रिसच्या वळणावरील कूट अल् अमारा या गावी पोचली आणि ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. वेढा फोडण्यासाठी खालून आलेल्या फौजेने अनेकदा प्रयत्न केले. त्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे मृत वा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. शेवटी शेवटी तर विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. वेढ्यातील फौजेला आकाशातून अन्न पोचवण्याचा हा जगातील पहिलाच मोठा प्रयत्न मानला जातो. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी कूट शरण गेले. सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे नोकरचाकर मिळून सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांतील बहुसंख्य हिंदी होती.

या जवळजवळ पाच महिन्यांच्या काळात कूटमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही उदाहरण म्हणून दिली जाते. एकाच गावात, एकाच वेढ्यात अडकलेल्या दोन गटांना दोन वेगवेगळे आजार झाले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, हिंदी सैनिकांना स्कर्व्ही.

दोन ताटे, दोन आजार

कारण शोधायचे तर दोघांच्या ताटाकडे पाहावे लागते.

गोऱ्या सैनिकाला पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस मिळे. मैदा करताना गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकतात, आणि ब-१ जीवनसत्त्व नेमके त्यांतच असते. ते न मिळाल्याने बेरीबेरी होतो: पाय सुजतात किंवा लुळे पडतात आणि हृदय दुबळे होते. वेढा लांबला, मैदा संपला, आणि गोऱ्यांनाही जव व कणीक यांची भाकरी खावी लागली. तेव्हा त्यांच्यातला बेरीबेरी ओसरला. अन्न कमी झाले आणि आजार हटला, असा हा उलटा प्रकार.

हिंदी सैनिकाच्या शिध्यात कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ, हळद, लाल मिरची असे जिन्नस असत. कणकेत कोंडा असल्यामुळे त्याला बेरीबेरी झाला नाही. पण या यादीत ताजे असे काय आहे? काहीच नाही. भाजी आणि बटाटे कागदावर असले तरी टायग्रिसवर बोटींचा एवढा तुटवडा होता की ते वेढ्यापूर्वीसुद्धा शिपायापर्यंत धड पोचत नसत. म्हणजे क जीवनसत्त्वाच्या बाबतीत त्याचे ताट रिकामेच होते.

गावी असताना हाच माणसाचा गोळा काय खात होता? ज्वारी-बाजरीची भाकरी, कच्चा कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, बांधावरची तांदुळजा-चाकवताची भाजी, हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे, वाटेवरची बोरे आणि आवळे. गरिबाचे म्हणून आपण ज्याला नाके मुरडतो त्या कांदा-मिरची-भाकरीत क जीवनसत्त्व पुरेसे असते. हिरवी मिरची तर त्याचा उत्तम साठा. तीच मिरची उन्हात वाळवून लाल केली की त्यातील बहुतेक साठा नाहीसा होतो. शिध्यात आली ती लाल मिरची.

कूटमध्ये जानेवारीच्या अखेरीपासून घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस दिले जाऊ लागले. ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडे असते. पण स्कर्व्ही टाळायला दिवसाकाठी १० मिलिग्रॅम एवढे थोडे क जीवनसत्त्वही पुरते. म्हणून गोरे सैनिक बहुतांशी वाचले. हिंदी सैनिकांतील बहुतेकांनी घोड्याचे मांस नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवण्यात आली, तरी माणसे बधेनात. गावी परतल्यावर लोक जातीबाहेर टाकतील, मुलांची लग्ने अडतील, ही धास्ती खरीच होती. एप्रिलमध्ये उपासमार पराकोटीला गेल्यावर अनेकांनी ते खाल्ले, पण तोवर उशीर झाला होता. शिपाई मैदानातली रानटी हिरवी पाने खुडून उकडून खाऊ लागले होते. त्यात काही विषारीही निघाली.

हिरड्या का फुटतात?

स्कर्व्हीची पहिली ठळक खूण तोंडात दिसते. हिरड्या सुजतात, जांभळट व मऊ होतात, हात लागताच रक्त येते, तोंडाला दुर्गंधी येते. मग दात हलू लागतात आणि न दुखता गळून पडतात. कणकेची जाड रोटी चावणे अशक्य होते. आधीच अर्धपोटी असलेला माणूस मिळालेले अन्नही खाऊ शकत नाही.

याचे कारण समजावून घेऊ. आपल्या शरीरात कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. कातडी, हाडे, रक्तवाहिन्यांच्या भिंती, जखमेचा व्रण हे सारे त्याच्या धाग्यांनी विणलेले असते. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या की कोलॅजेनचा दोर तयार होतो. दोराचा पीळ सुटू नये म्हणून साखळीवर ठिकठिकाणी ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी बसवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराच्या पोटात लोहाचा अणू असतो. तो लोह गंजू नये, कामाच्या अवस्थेत राहावा, ही जबाबदारी क जीवनसत्त्वाची. ते नसेल तर जोड्या बसत नाहीत, पीळ सुटतो आणि दोर कुचकामी ठरतो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो कोलॅजेनच्या असंख्य बारीक धाग्यांनी हाडाला टांगलेला असतो. चावण्याच्या ताणामुळे हे धागे सतत झिजतात आणि सतत नवे विणले जातात. शरीरात इतरत्र क्वचितच एवढ्या वेगाने कोलॅजेन बदलत असेल. त्यामुळे क जीवनसत्त्व तुटले की पहिला फटका येथे बसतो. गमतीची गोष्ट अशी की ज्याला दातच नाहीत अशा बोळक्याच्या हिरड्या स्कर्व्हीतही फारशा सुजत नाहीत.

सैनिकाच्या बाबतीत आणखी एक संकट. जुन्या जखमेचा व्रण हाही कोलॅजेनचाच. स्कर्व्हीत नवी जखम भरत नाही आणि भरलेली जुनी जखमही पुन्हा उकलू शकते. अशा माणसाला गोळी लागली तर त्याचे काय होणार, हे सांगायला नको.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच ग्लुकोजपासून तयार करतात. घोडा करतो, कुत्रा करतो, उंदीरही करतो. माणूस, माकडे आणि गिनिपिग यांच्यात मात्र त्या साखळीतील शेवटचा विकर उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाला आहे. त्यामुळे आपल्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते.

दोष कोणाचा?

वेढा संपल्यावर टाउनशेंड यांच्यासह अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदी सैनिकांच्या दुबळेपणाचे खापर त्यांच्या घोड्याचे मांस न खाण्यावर फोडले. इतिहासाच्या पुस्तकांतही हेच वाक्य पुन्हा पुन्हा येते: धर्माच्या हट्टापायी त्यांनी स्कर्व्ही ओढवून घेतला. वाचताना पटण्यासारखे वाटते. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. हे कारण खरे असेल तर जेथे घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता तेथे हिंदी सैनिकांना स्कर्व्ही व्हायला नको होता.

प्रत्यक्षात काय झाले? कूट पडल्यावर, १९१६ च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, मेसोपोटेमियातील इतर हिंदी पलटणींत स्कर्व्हीचे हजारो रुग्ण निघाले. त्यांना वेढा पडलेला नव्हता. कोणी त्यांना घोडा खायला सांगितला नव्हता. ते सरकारने ठरवून दिलेला शिधाच खात होते. म्हणजे दोष शिध्यात होता. कूटमध्ये मांस नाकारल्याने संकट वाढले हे खरे, परंतु त्याची तयारी आधीच्या वर्षभराच्या कोरड्या शिध्याने करून ठेवलेली होती. शरीरातील क जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत वा थोड्या महिन्यांत संपतो. तो भरलेला असता तर वेढ्यात माणसे अधिक काळ तग धरून राहिली असती.

मेसोपोटेमियातील वैद्यकीय व वाहतूक व्यवस्थेच्या अनागोंदीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पण ‘हट्टी शिपाई’ ही कथा मात्र लोकांच्या डोक्यात टिकून राहिली.

बाटलीतले लिंबू

आता कोणी म्हणेल, स्कर्व्हीवर लिंबाचा रस हे औषध तर फार पूर्वीपासून ठाऊक होते. बरोबर आहे. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने १२ आजारी खलाशी निवडले, दोघा-दोघांना वेगवेगळे उपचार दिले आणि संत्री-लिंबे खाणारे दोघे सर्वांत लवकर बरे झाले हे दाखवले. १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस देऊ लागले. मेसोपोटेमियातही बाटलीबंद रस पाठवला जात होता. तरी स्कर्व्ही हटेना.

याचे कोडे सोडवले लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी. पुरुष संशोधक युद्धावर गेल्यामुळे हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले. गिनिपिग आणि माकडे यांच्यावर प्रयोग करून त्यांनी वेगवेगळ्या पदार्थांतील स्कर्व्हीरोधक गुण मोजला. त्या काळी क जीवनसत्त्व कोणी पाहिलेले नव्हते. सेंट-ग्यॉर्गी यांनी तो पदार्थ वेगळा काढला १९२८ मध्ये आणि तोच क जीवनसत्त्व आहे हे सिद्ध झाले १९३२ मध्ये. म्हणून मोजायचे साधन म्हणजे जिवंत प्राणीच.

त्यांना असे आढळले की लिंडच्या काळी आरमार वापरत होते ते भूमध्य समुद्राकाठचे मोठे लिंबू. एकोणिसाव्या शतकात त्याऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान, आपल्या कागदी लिंबाच्या जातीचे लिंबू वापरात आले. दोन्ही आंबट, म्हणून दोन्ही सारखीच असे सर्वांनी गृहीत धरले. पण लहान लिंबाच्या ताज्या रसात गुण सुमारे चौथाईच निघाला, आणि टिकवून ठेवलेल्या रसात जवळजवळ काहीच उरले नव्हते. आंबटपणा आणि औषधी गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला धडा. आपले ताजे कागदी लिंबू मात्र रोजच्या जेवणात उपयोगीच आहे.

याच संशोधिकांनी हिंदी सैनिकांसाठी म्हणून चिंच, आमसूल आणि आमचूर यांचीही परीक्षा घेतली. १९१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाळवलेल्या फळांत गुण थोडाच, ताज्या फळाची सर त्यांना नाही, असे दिसले.

डाळ आणि कडधान्य

चिक व ह्यूम यांचे सर्वांत उपयोगी काम वेगळेच होते. कोरड्या बियांत स्कर्व्हीरोधक गुण नसल्यातच जमा. पण बी भिजवून मोड आणले की तो गुण निर्माण होतो, हे नॉर्वेतील फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्ये दाखवले होते. लिस्टर संस्थेने त्याची खात्री करून घेतली आणि सैन्याला सल्ला दिला: ताजी भाजी पोचवता येत नसेल तर अख्खी कडधान्ये पाठवा, ती दिवसभर भिजवा, पाणी काढून ओलसर कापडात दोन दिवस ठेवा आणि मोड आल्यावर थोडाच वेळ शिजवून खा. सर्बियातील आजारी सैनिकांवर विल्टशायर या डॉक्टरने मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग केला. १९१८ मध्ये त्याने लिहिले की लिंबाचा रस घेणाऱ्यांपेक्षा घेवडा खाणारे मागे पडले नाहीत.

बियाला पाणी मिळाले की त्यातील गर्भ जागा होतो, श्वसन वाढते, विकर कामाला लागतात आणि साखरेपासून क जीवनसत्त्व तयार होऊ लागते. हवा, पाणी आणि ऊब एवढेच पुरते. सूर्यप्रकाशही लागत नाही, जमीनही लागत नाही. खंदकातही हे जमण्यासारखे आहे.

आता साताऱ्या-सांगलीच्या कोणत्याही घरात पाहा. मटकी, मूग, हुलगे, वाटाणे सकाळी भिजवायचे, रात्री फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की उसळ करायची. आपल्या आज्या-पणज्या हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. त्यांना क जीवनसत्त्व ठाऊक नव्हते, पण मोड आणण्याचे तंत्र पक्के ठाऊक होते. शिपाईही हे पाहतच लहानाचा मोठा झालेला.

मग पलटणीत कोणी मोड का आणले नाहीत? कारण शिध्यात अख्खे कडधान्य नव्हते, डाळ होती. डाळ म्हणजे भरडून टरफल काढलेले, दोन फाकांत फुटलेले बी. भरडताना अंकुर तुटतो. अशा डाळीला कितीही भिजवले तरी मोड येत नाहीत. लिस्टर संस्थेने सल्ला देताना म्हणूनच बजावले होते की बी टरफलासकट, अख्खे असले पाहिजे. डाळ लवकर शिजते, सरपण कमी लागते, पोत्यात दाटून बसते. पुरवठा खात्याच्या दृष्टीने ती सोयीची. गव्हाचा मैदा करताना गोऱ्या सैनिकाचे जे झाले, तेच कडधान्याची डाळ करताना हिंदी सैनिकाचे झाले असे म्हणता येईल. मात्र मैद्याची जागा नंतर कणकेने घेतली. डाळीची जागा घेणारे काही कूटमध्ये नव्हते.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षक मित्रहो, हा धडा वर्गात दोन साध्या प्रयोगांनी जिवंत करता येतो.

पहिला प्रयोग. दोन ओल्या फडक्यांत एकीकडे अख्खी तूर किंवा मटकी आणि दुसरीकडे तुरीची डाळ बांधून ठेवा. दोन-तीन दिवस रोज पाणी शिंपडा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग फडके सोडा.

दुसरा प्रयोग. तांदळाच्या पातळ पेजेत भरपूर पाणी घालून गाळून घ्या. त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचे थेंब घाला. निळा रंग येईल. हे निळे पाणी सारख्या मापाने चार परीक्षानळ्यांत घ्या. एकीत ताज्या लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाका आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजा. क जीवनसत्त्व आयोडिनचा रंग घालवते. म्हणजे थेंब कमी लागले तर क जीवनसत्त्व जास्त. मग सारख्या वजनाची कोरडी मटकी दोन भागांत घ्या. एक भाग तसाच दळा, दुसऱ्याला मोड आणून वाटा. दोन्हींत एकूण पाणी सारखेच राहील असे पाहा, गाळून निवळी घ्या आणि दुसऱ्या व तिसऱ्या नळीत ती वापरून थेंब मोजा. चौथ्या नळीत हिरव्या मिरचीच्या पाण्याने पाहा, मात्र मिरची हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावा. आयोडिनचा रंग घालवणारे आणखीही काही पदार्थ असतात, तेव्हा या आकड्यांवरून फक्त ढोबळ तुलना करायची, हेही मुलांना सांगा. मटकी पाच मिनिटे व अर्धा तास शिजवून पुन्हा पाहिली तर उसळ फार का शिजवू नये हेही कळेल.

आणि जाता जाता मुलांना बसऱ्याजवळच्या युद्धस्मारकाबद्दलही सांगा. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर सापडत नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. त्याच्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी फौजेतील अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण साध्या शिपायांचा उल्लेख पलटणीगणिक नुसत्या आकड्याने केला. त्या आकड्यांत आपल्या जिल्ह्यांतली माणसेही आहेत. तुमच्या गावात पहिल्या महायुद्धातील शिपायाचे घर असेल, जुने बिल्ले वा पत्रे असतील, तर मुलांना तेथे घेऊन जा. तो शिपाई कोणत्या पलटणीत होता, कोठे गेला, तेथे काय खायला मिळत होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू द्या. मुलांच्या नोंदी आणि प्रयोगाचे आकडे आमच्याकडे जरूर पाठवा.